नोंद नसलेला दिवस

सरकारी कचेरीत ज्याची दहा-बारा वर्षे गेली आहेत, त्याच्या मनात एक समजूत नकळत घर करून बसते. ज्याची नोंद आहे ते घडले, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, ही ती समजूत. आवक-नोंदवहीत पत्र चढले नसेल तर ते पत्र आलेच नाही. हजेरीपत्रकावर सही नसेल तर तो मनुष्य त्या दिवशी कचेरीत नव्हता. व्यवहाराच्या सोयीसाठी हा नियम आवश्यक आहे, याविषयी माझी तक्रार नाही. मी स्वतः कारकून आहे आणि याच नियमावर माझा संसार चालतो. परंतु एका घरगुती प्रसंगाने या समजुतीला असा धक्का दिला की, तो नियम कचेरीच्या दाराबाहेर किती चालतो याचा मला नव्याने विचार करावा लागला. हा प्रसंग बँकॉकमध्ये, एका रणरणत्या दुपारी, माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत घडला.

कलकत्त्यास नेमणूक असलेल्या मराठी माणसाला बँकॉक हे एका परीने पुण्याहून जवळ आहे. आगगाडीने पुणे दीड दिवसाच्या वाटेवर, तर विमानाने बँकॉक अवघ्या अडीच तासांच्या. रजा-प्रवासाची सवलत मात्र देशाच्या सीमेपाशी संपते. त्यामुळे सारा खर्च पदरचा. दोन-अडीच वर्षे पैसे बाजूला टाकून, कचेरीची परवानगी काढून, २०२४च्या मे महिन्यात मुलांच्या शाळांना सुट्टी लागताच आम्ही निघालो: मी, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. निघण्यापूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने विचारले होते, 'अहो, त्या चिमुरडीला यातले काय आठवणार? तिला आजीपाशी ठेवून जा.' मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, 'आठवले नाही तरी त्या वेळी आनंद तर होईल! आनंद झाला की झाला. तो आठवायलाच हवा असे कुठे आहे?' हे उत्तर वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे मीच त्यात अडकणार होतो.

जाण्यापूर्वी मी एक यादी तयार केली. चार दिवस, प्रत्येक दिवसाची स्थळे, प्रत्येक स्थळासमोर वेळ, आणि शेवटी 'पाहिले' अशी खूण करण्यासाठी एक रिकामा रकाना. कारकुनाचा हात! एवढा पैसा खर्च व्हायचा तर त्याची वसुली झाली पाहिजे, आणि वसुली झाली हे रकान्यात दिसले पाहिजे, असा माझा हिशेब होता.

बँकॉक आणि चेन्नई ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मार्च ते मे हा तेथील कडक उन्हाळा. कलकत्त्याचा उकाडा सोसलेल्या माणसाला त्यात नवे काही नसावे. पण आपल्या शहरात आपण उन्हाच्या वेळी सावलीत बसतो आणि परक्या शहरात नेमके त्याच वेळी रस्त्यावर असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. शिवाय ती तापलेल्या फरशीच्या आपल्यापेक्षा अधिक जवळून चालतात, आणि आपल्याला तहान लागली आहे हेही त्यांना खेळाच्या नादात कळत नाही. हे मला आज ठाऊक आहे, आणि त्या दिवशीही पुष्कळसे ठाऊक होते. तेव्हा अज्ञानाची सबब मला पुढे करता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाडा पाहावयास गेलो. पहिल्या रामाने १७८२मध्ये नदीच्या या काठावर नवी राजधानी वसविली तेव्हा या वाड्याच्या बांधकामास आरंभ झाला. सकाळी साडेआठला दार उघडते. मुलांचे आवरून आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. परदेशी प्रौढास ५०० बाटांचे तिकीट, म्हणजे आपले हजार रुपयांहून अधिक. आत गेल्यावर सोन्याचा मुलामा दिलेला स्तूप, रंगीत काचांनी मढविलेले खांब आणि पांढरी फरसबंदी यांवरून ऊन असे उसळत होते की डोळे उघडे ठेवणे अशक्य व्हावे. तेथे अंग झाकूनच जावे लागते, म्हणून आम्ही मुलांनाही पुऱ्या बाह्यांचे कपडे घातले होते.

मुलाला मात्र तेथे खजिनाच सापडला. देवालयाभोवतीच्या ओवऱ्यांतून भिंतीवर सबंध रामायण रंगविलेले आहे. एकूण १७८ चित्रे आहेत. त्याला 'रामकियन' म्हणतात. पांढराशुभ्र मारुती दिसताच तो ओरडला, 'बाबा, हा आपला!' आणि दारांवर उभ्या असलेल्या बारा प्रचंड राक्षसांपैकी हिरव्या अंगाचा रावण त्याने स्वतः ओळखून काढला. त्या राक्षसासमोर आम्ही चौघांनी छायाचित्र काढून घेतले. ते आज आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि त्यात चौघेही हसत आहेत.

मुलीचे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत गुंतले होते. देवालयाबाहेर एका भांड्यात पाणी ठेवलेले असते. त्यात कमळाची कळी बुडवून भाविक लोक ते पाणी मस्तकावर शिंपडतात. ती कळी तिच्या हाती आली आणि तिला दुसरे काही नको झाले. स्वतःच्या डोक्यावर, आईच्या हातावर, फरशीवर ती पाणी शिंपडत होती आणि फरशीवरचे थेंब बघता बघता नाहीसे होताना पाहून खिदळत होती. मी घड्याळ पाहिले आणि तिला ओढून आत नेले. आत, उंच सिंहासनावर, पाचूचा म्हणून प्रसिद्ध असलेला हिरव्या पाषाणाचा बुद्ध आहे. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांच्या आरंभी, राजाच्या हस्ते तिची वस्त्रे बदलतात. आम्ही गेलो तेव्हा तिच्या अंगावर उन्हाळ्याची वस्त्रे होती. पाषाणाच्या मूर्तीचा उन्हाळा एवढ्या निगुतीने जाणणारे लोक पाहून मला कौतुक वाटले. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीची मान घामाने थबथबली होती, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

तेथून दक्षिणेस चालत दहा-बारा मिनिटांवर 'वाट फो' आहे. तेथील पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. त्याच्या तळपायांवर मोत्याच्या शिंपल्यांच्या जडावाने १०८ मंगल चिन्हे काढलेली आहेत. मुलीने ती अवाढव्य मूर्ती खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि विचारले, 'बाप्पा झोपलाय. मी पण झोपू?' आम्ही सारे हसलो. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे होते, हे आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच सुचले नाही. भिंतीलगत १०८ धातूची पात्रे ओळीने मांडलेली आहेत; वाटीभर सुटी नाणी विकत घेऊन प्रत्येक पात्रात एकेक टाकीत जायचे असते. नाणे पडले की किणकिण होते. साऱ्या पात्रांपर्यंत तिची नाणी पुरली नाहीत. तिला आणखी हवी होती. मी म्हटले, 'पुरे आता, नाव चुकेल.'

नाव चुकण्याचा काही प्रश्नच नव्हता. पलीकडच्या तीरावरील 'वाट अरुण' या देवालयाकडे नावा दिवसभर ये-जा करीत असतात. परंतु माझ्या यादीत त्यासमोर साडेबारा लिहिले होते आणि आता एक वाजत आला होता. धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर मुलगी खाली बसली. उठेना. तिला उचलू लागलो तर अंग ताठ करून रडू लागली. पत्नी म्हणाली, 'आपण परत जाऊ या.' मी म्हणालो, 'एवढे पैसे घालून आलो ते परत जायला?' आणि मुलीच्या गालावर चापट मारली. तो गाल आधीच उन्हाने लाल झालेला होता.

क्षणभर ती रडायची थांबली आणि मग तिला उलटी झाली. तेव्हा कोठे मला कळले की हा हट्ट नव्हता. पोरीला ऊन लागले होते.

जवळच एक म्हातारी बाई काचेच्या पेटीत बर्फावर कलिंगड, अननस, पेरू यांच्या फोडी मांडून विकत होती. तिने काही न विचारता फडक्यात बर्फ गुंडाळून मुलीच्या मानेला लावला, आपल्या छत्रीखाली तिला बसविले, एक लहानसा खडा तिच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, 'चाय येन येन.' ती चहा विचारते आहे असे वाटून मी मान हलवून नकार दिला. संध्याकाळी उतरलो होतो तेथील व्यवस्थापकाने अर्थ सांगितला. 'चाय' म्हणजे मन आणि 'येन' म्हणजे थंड; मन थंड ठेव, शांत हो, असे ते सांगणे. ते ती मुलीला म्हणाली असेल असे मी पत्नीला म्हटले. पत्नी म्हणाली, 'नाही. ती तुमच्याकडे पाहत होती.'

मुलगी रात्रीपर्यंत सावरली. उरलेले दिवस आम्ही सकाळचे दोन तास बाहेर पडलो आणि एरवी खोलीतच राहिलो. 'वाट अरुण' समोरचा रकाना कोराच राहिला.

परत आल्यावर काही महिने तिला 'बँकॉकला काय पाहिलंस?' असे कोणी विचारले की ती सांगे, 'बर्फ.' वर्ष उलटले आणि तेही पुसले गेले. आता ती सहाव्या वर्षात आहे. भिंतीवरचे छायाचित्र दाखवून ती पाहुण्यांना सांगते की आम्ही राक्षस पाहायला गेलो होतो. पण ते तिला आठवते म्हणून नव्हे, तर आम्ही सांगितले म्हणून. यात विशेष काही नाही. मानसशास्त्र याला शैशवविस्मृती म्हणते. फ्रॉइडने १९०५मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले होते. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सामान्यतः साडेतीन वर्षांच्या आसपासची असते आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांचेही तुटक तुकडेच काय ते उरतात.

मी त्याच सहकाऱ्यापाशी एकदा मन मोकळे केले. तो सद्भावनेने म्हणाला, 'ती विसरली ना? मग तुम्हीही विसरा. जिला लागले तिलाच आठवत नाही, तेथे अपराध उरला कोठे?' या सांत्वनाचा मोह मला पडला, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच क्षणी माझे पूर्वीचे उत्तर माझ्यासमोर उभे राहिले. आनंद आठवला नाही तरी तो झाला, असे मीच म्हणालो होतो. मग दुःख आठवत नाही म्हणून ते झाले नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणू? विसरलेला आनंद खरा असेल तर विसरलेला अन्यायही खरा. जमेची बाजू खरी धरायची आणि खर्चाची खोटी, असा हिशेब कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आठवण पुसली तरी संस्कार उरतात. आनंदाचे मोल त्या संस्कारात आहे. हे मत आपल्याकडे फार प्रिय आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्यावर सारा भार टाकणे मला धोक्याचे वाटते. थोरला मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत आम्ही चेन्नईस होतो. शेजारच्या घरातील वृद्ध पाटी, म्हणजे आजी, त्याला रोज दुपारी मांडीवर घेऊन रस्समभात भरवीत असे. तो मराठीपेक्षा तमिळ अधिक बोले. बदली झाली, आणि सहा महिन्यांत तमिळचा एक शब्दही त्याच्या तोंडी राहिला नाही. आज त्याला त्या आजींचा चेहराही आठवत नाही. आपणा बदलीवाल्यांच्या घरोघरी अशी एखादी पाटी, एखादी ठाकूमाँ, एखादी बेबे असतेच. तिच्या मायेचे मोल काय? मुलावर त्याचा काही संस्कार राहिला असेल तर उत्तम. पण समजा, काहीच राहिला नसेल, तर त्या माउलीचे दोन वर्षांचे भरवणे वाया गेले असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? तिने भरविले तेव्हा मूल जेवले, तृप्त झाले, तिच्या मांडीवर झोपले. एवढ्यानेच ते पूर्ण झाले. पुढे त्याला काय फळ आले, हा वेगळा प्रश्न आहे.

आपल्या दर्शनकारांनी याचा विचार एका निराळ्या दिशेने केला आहे. केलेले कर्म फळ न देता नाहीसे होणे याला ते 'कृतप्रणाश' म्हणतात आणि हा मोठा दोष मानतात. बौद्धांच्या क्षणिकवादावर जैन पंडित हेमचंद्राने हाच आक्षेप घेतला: क्षणोक्षणी माणूस दुसराच होत असेल तर केलेले कर्म कोणाच्या माथी मारणार? यावर बौद्धांकडे उत्तर नाही असे नव्हे. 'मिलिंदपञ्हा'त नागसेन भिक्षू राजाला आंबे चोरणाऱ्याचा दृष्टांत देतो. चोर म्हणतो, 'मालकाने लावले ते आंबे वेगळे. मी नेले ते वेगळे. मग मी अपराधी कसा?' राजालाच मान्य करावे लागते की तो अपराधी आहे. कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच आले. माझी सबबही त्या चोरासारखीच होती. धक्क्याजवळ रडणारी चार वर्षांची मुलगी वेगळी, आणि आज वह्या-पुस्तकांत रमलेली मुलगी वेगळी. हिला काहीच लागले नाही, तेव्हा मी मोकळा! पण ही त्या मुलीपासूनच आली आहे, आणि मारणारा हात तर तोच आहे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. माझ्या टेबलावर निवृत्तिवेतनाची प्रकरणे येतात. त्यांपैकी एकात एका दिवंगत शिपायाच्या सेवापुस्तकात काही महिन्यांच्या नोकरीची नोंदच नव्हती. नोंद करणे ज्यांचे काम होते त्यांच्या हातून ती राहून गेली होती. त्याची विधवा माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'ते रोज डबा घेऊन जात होते.' पगारपत्रकांचे जुने गठ्ठे शोधून ते महिने शाबीत करावयास मला तीन आठवडे लागले. त्या वेळी मनात आले, हे कागद वाळवीने खाल्ले असते तर? मग तिला पैसे मिळाले नसते. पण तो मनुष्य त्या महिन्यांत कामावर गेला नव्हता, असे मात्र झाले नसते. नोंद ही घडलेल्याची साक्ष आहे. नोंद नसली तर साक्ष बुडते, घडलेले बुडत नाही. आणि उलट पक्षी, नोंद खोटीही असू शकते. आमच्या भिंतीवरचे छायाचित्र तो सारा दिवस आनंदाचा होता अशी साक्ष गेली दोन वर्षे देत आहे.

यातून मी माझ्यापुरता जो निष्कर्ष काढला तो साधा आहे. लहान मुलांबरोबर आपण घालवतो तो काळ बहुतेक सगळा त्यांच्या विस्मृतीत जाणार आहे. त्यांना देश दाखवा की चंद्र दाखवा, नोंद राहणार नाही. तेव्हा 'पुढे आठवेल' म्हणून त्यांना आज उन्हातून ओढण्यात अर्थ नाही, आणि 'पुढे विसरतील' म्हणून आज मन मानेल तसे वागण्याची मोकळीकही नाही. त्यांच्यापाशी असतो तो हाच तास. कमळाच्या कळीने पाणी शिंपडण्याचा तास हे तिचे बँकॉक होते. ते पूर्ण होते, आणि मी ते मध्येच तोडले. मोठ्यांनी देवालये पाहू नयेत असे मी म्हणत नाही. पाहावीत, सकाळच्या गारव्यात पाहावीत, एका दिवशी एक पाहावे, आणि मूल बसले की आपणही बसावे. पण आपल्याला पाहायचे आहे म्हणून आपण पाहत आहोत, हे स्वच्छ कबूल करावे. त्यावर मुलांच्या भल्याचा शिक्का मारू नये.

एक प्रश्न मात्र उरला होता. जिला आठवत नाही तिची क्षमा कशी मागावी? न सांगावे तर मी तिच्या विस्मृतीच्या आडोशाला लपतो. सांगावे तर पुसलेले दुःख उगाच पुन्हा लिहितो. पुष्कळ दिवस मी टाळले. शेवटी थोरल्यानेच तो प्रश्न सोडविला. गेल्या महिन्यात पाहुणे छायाचित्र पाहत असता तो सहज म्हणाला, 'यानंतर बाबांनी तिला मारलं होतं.' त्याच्या आवाजात राग नव्हता. घडले ते तो सांगत होता. पाहुणे हसले आणि विषय बदलला.

रात्री मुलीने मला विचारले, 'खरंच मारलं होतंस?'

'हो.'

'का?'

'तू दमली होतीस आणि मला ते कळलं नाही. माझं चुकलं.'

ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग तिने विचारले, 'मग मी काय केलं?'

'रडलीस. मग एका आजीने तुला बर्फ दिला.'

'खाल्ला मी?'

'बहुतेक खाल्लास. हातातच वितळला थोडा.'

तिला हे फार आवडले. बर्फ केवढा होता, आजी कशी होती, तिच्या छत्रीचा रंग कोणता, असे तिने खोदखोदून विचारले. मला आठवले तेवढे मी सांगितले. छत्रीचा रंग मला आठवेना. तसे मी तिला सांगितले.